रात्रीची बोट आणि जेवणाची पंगत



आपल्या पारनेर तालुक्यात समुद्र नाही. आपल्याकडं पाऊस पडला तर ओढा वाहतो, नाहीतर टँकरची वाट बघायची. मग बोटीवरच्या जेवणाची गोष्ट आपण का ऐकायची? कारण ही गोष्ट पाण्याची कमी आणि ताटाची जास्त आहे. कोण कुणाच्या हातचं खातं, कोण कुणाशेजारी बसतं, आणि बाई कधी जेवते, हे प्रश्न बोटीवरही होते आणि आपल्या ओट्यावरही आहेत.

मुंबईहून कोकण आणि गोव्याकडं जाणाऱ्या आगबोटी शंभराहून अधिक वर्षं चालल्या. घाट उतरून जाणारे रस्ते थोडे, खाड्यांवर पूल नाहीत, म्हणून कोकणच्या माणसाला समुद्र हाच हमरस्ता होता. मुंबईच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पोरंबाळं, गाठोडी, कोंबड्या सगळं होडीतून काठावर न्यायचं. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद.

आधी या बोटी इंग्रज कंपन्यांच्या होत्या. स्वदेशीच्या चळवळीत आपल्या लोकांनी भागभांडवल जमवून स्वतःची कंपनी काढली. लोक तिला प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावं होती. या इतिहासाला दुःखाचीही किनार आहे. 11 नोव्हेंबर 1927 रोजी वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढच्या काळात चौगुले कंपनीच्या आणि नंतर मोगल लाइनच्या बोटी चालल्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही आठवतात.

आता जेवणाकडं येऊ. रात्रभराचा प्रवास म्हटला की दोन वेळच्या खाण्याचा प्रश्न आलाच. बोटीवर पैसे देऊन चहा, खाणं मिळायचं. वरच्या वर्गाच्या उतारूंना टेबल-खुर्चीवर जेवण. खालच्या डेकवरचे लोक सतरंजी, चटई पसरून जागा धरायचे आणि घरून आणलेली शिदोरी सोडायचे. त्यात तांदळाची भाकरी, सुकी चटणी, पोहे, लाडू. आपण बाजरीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी बांधतो, तसंच ते.

शिदोरी बांधण्यामागं पैशाची काटकसर होतीच, पण दुसरंही कारण होतं. जुन्या काळी परक्याच्या हातचं शिजवलेलं खाल्लं तर जात बाटते असं मानत. म्हणून सोवळं पाळणाऱ्या घरांत प्रवासाला दशमी करत. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी चालते, पाण्यात भिजवलेली भाकरी चालत नाही, असा हिशेब होता. पाण्याला विटाळ आणि दुधाला नाही, हे कुणी ठरवलं, ते विचारायचं नाही. ठरवणारा एक आणि पहाटे उठून दशम्या करणारी दुसरी.

हा धाक केवढा होता ते पुण्यातल्या एका प्रसंगावरून कळतं. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही मोठ्या मंडळींनी मिशनऱ्यांकडं चहा घेतला. त्यांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. नुसत्या चहाबिस्किटांवरून पुण्यात केवढं वादळ उठलं! धर्मसभा भरली आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षं चालला. पुरुषांची ही गत, तर बाईची काय असेल?

तरी बाया गेल्या. 1883 साली, म्हणजे त्या चहाच्या सात वर्षं आधी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीवर चढल्या. वय अवघं अठरा वर्षांचं, नवरा सोबत नाही, आणि जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्यापूर्वी भर सभेत सांगितलं होतं. बोटीवरची ताटं परक्या चवीची, परक्या हातची. त्याच साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं, शिकायचं, तर आधी जेवणाचा प्रश्न सोडवावा लागत होता. आनंदीबाई 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. वय एकवीस.

आपल्या पारनेरचं एक नाव इथं घ्यायलाच हवं. सेनापती बापट, म्हणजे पांडुरंग महादेव बापट, 1880 साली आपल्या पारनेरला जन्मले. शिष्यवृत्ती मिळवून 1904 मध्ये ते बोटीनं विलायतेला गेले, एडिंबराला शिकले. समुद्र ओलांडणं हेच पाप मानणारी माणसं तेव्हा गावोगाव होती. पुढं पारनेरला परतल्यावर या शिकलेल्या ब्राह्मणानं हातात झाडू घेतला आणि गावचे रस्ते झाडले, शौचकूप साफ केले. 1914 साली मुलगा झाला, तेव्हा बारशाचं पहिलं जेवण त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना वाढलं. बापटांच्या मुळशी सत्याग्रहाबद्दल आपण शाळेत ऐकतो. ही पंगत मात्र फारशी सांगितली जात नाही. आम्हाला वाटतं, रस्ता झाडण्याइतकीच हिंमत त्या पंगतीला लागली असेल.

बोटीवर ही हिंमत हळूहळू सगळ्यांनाच करावी लागली. एका डेकवर शेकडो माणसं, कोण कुणाला शिवलं याचा हिशेब राहणार कसा? शेजारी कोळीण, पलीकडं मुसलमान खलाशी, मागं गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब. बोट हलायला लागली, कुणाला 'बोट लागली', ओकारी सुरू झाली, की शेजारची बाई आल्याचा तुकडा किंवा लिंबू पुढं करणारच. तेव्हा जात विचारायला सवड कुणाला?

पण म्हणून बोटीवर सगळे सारखे झाले, असं म्हणता येणार नाही. जातीची पंगत मोडली तिथं तिकिटाची पंगत बसली. ज्याच्याकडं पैसे तो वर टेबलावर, बाकीचे खाली चटईवर. आणि बाई? ती घरी रांधत होती, बोटीवरही गाठोडं सोडून आधी नवऱ्याला, मग पोरांना वाढत होती. उरलेलं तिचं. चूल धक्क्यावर मागं राहिली, पण वाढणं तिच्याबरोबर बोटीत चढलं.

या बोटींनी कोकणातले चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत नेले. आपल्या तालुक्यातूनही दुष्काळात माणसं घाट उतरून मुंबईला गेली, गिरणीत आणि हमालीत लागली. बायका मागं राहिल्या. मुंबईत या एकट्या पुरुषांना जेवू कोण घालणार? तर गिरणगावातल्या खाणावळवाल्या बाया. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत मेंबरांचं जेवण. किराणा उधारीवर, सावकाराचं व्याज डोक्यावर. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. जे काम आजवर 'घरचंच' म्हणून फुकट धरलं जात होतं, त्याला त्यांनी धंदा म्हणायला लावलं. आज आपले बचत गट जत्रेत, प्रदर्शनात भाकरी-पिठल्याचा स्टॉल लावतात, त्याची वाट या बायांनी पाडलेली आहे.

रस्ते झाले, पूल झाले, एसटी गावोगाव पोचली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कोकणची ती जुनी बोटसेवा बंद पडली. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. 2018 मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबईहून गोव्याला रात्रभराच्या प्रवासाला निघू लागली. तिच्यावर झोपायच्या खोल्या होत्या, पोहण्याचा तलाव होता, ऐटीत बसून जेवायची सोय होती. पण ती हौसेची बोट होती, गरजेची नव्हे, आणि दोनेक वर्षांतच तीही थांबली.

हा इतिहास आपण ऐकला तो कशासाठी? आपल्या घरातल्या आजीनं, आत्यानं हॉटेलात पहिल्यांदा कधी खाल्लं, हे कधी विचारलंय का? एसटी स्टँडवर चहा पिताना तिनं पदर पुढं ओढला होता का? लग्नाच्या पंगतीत गावातल्या कोणत्या आळीला वेगळं बसवत होते? ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर निघून चालली आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एवढं विचारून यावं, आणि जिला लिहिता येतं तिनं गटाच्या वहीत लिहून ठेवावं.

आणि बैठकीनंतर जेवण असेल, तर त्या दिवशी तरी सगळ्याजणी एकदम बसू. भाकरी मधे ठेवायची, ज्याचं त्यानं घ्यायचं. वाढायला कुणीच उभं राहायचं नाही.