त्रिरश्मीचा हिशेब आणि येवल्याचा माग



आपल्या इतिहासाची सुरुवात कुठून करायची यावर बैठकीत दर वेळी वाद होतो. कुणी म्हणतं महाडपासून, कुणी म्हणतं कोरेगावपासून, कुणी थेट बुद्धापासून. मी गिरणीतला माणूस. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडत आठ-आठ तास उभा असतो. म्हणून मी कापडापासून सुरुवात करतो. कापड कुणी विणलं, कुणी नेसलं, कुणाला विणू दिलं नाही आणि कुणाच्या अंगावर मढ्यावरचं फेकलं, एवढंच नीट विचारा. जातीचा सगळा गुंता हाताला लागतो.

नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात एक लेख कोरलेला आहे. शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा. आपण तिथं जातो, फोटो काढतो, वंदना घेतो, खाली उतरतो. पण तो लेख म्हणजे सरळ सरळ हिशेबाची वही आहे.

उषवदाताने या लेण्यातल्या भिक्खुसंघाला ३००० कार्षापण दान दिले. ते पैसे त्याने राजाच्या खजिन्यात ठेवले नाहीत, देवळात ठेवले नाहीत. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. लेखात शब्द आहे ‘कोलिकनिकाय’. कोलिक म्हणजे विणकर, निकाय म्हणजे त्यांचा संघ. एका विणकरसंघाकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या विणकरसंघाकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्याला लेखात ‘अखयनिवि’ म्हटलंय. न संपणारी ठेव.

आता हिशेब करा. २००० वर महिन्याला २० कार्षापण. वर्षाचे २४०. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्खू २०. दर भिक्खूला चीवरासाठी १२. वीस गुणिले बारा, २४०. पै न पै जुळते. दुसऱ्या हजारावर महिन्याला साडेसात, वर्षाचे ९०. ते भिक्खूंच्या दुसऱ्या खर्चासाठी. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे.

म्हणजे काय? मागावर बसणारी माणसं या नाशिकात त्या काळी बँक होती. राजाचा जावई त्यांच्या शब्दावर पैसे ठेवत होता. विणकर एकेकटा नव्हता, त्याचा संघ होता. आणि हे फक्त विणकरांचं नाही. याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कुंभारांच्या, पाणयंत्र करणाऱ्यांच्या आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. तिकडे जुन्नरच्या लेण्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. आज बुरुडाला कुठली बँक दारात उभी करते, सांगा.

पण मित्रांनो, भाबडेपणा नको. उषवदात काही आपला तारणहार नव्हता. याच लेखांत त्याने ब्राह्मणांना लाखांनी गायी दिल्या, दरवर्षी लाख ब्राह्मण जेवू घातले, हेही कोरलंय. राजे दोन्ही दगडांवर हात ठेवतात. ते विणकर आपल्याच जातीचे होते असंही मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि मला तसली वंशावळ नकोय. मला एवढंच दिसतं की हाताने काम करणाऱ्याला पत होती. आणि त्याच डोंगरावर, तीन नंबरच्या लेण्यात, ती पत कशी मोडणार आहे त्याचीही खूण आहे. गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती कोरून घेतलीय. त्यात त्याने चार वर्णांचा संकर थांबवला म्हणून त्याला मोठा म्हटलंय. लेणं बौद्ध भिक्खूंना दिलेलं, आणि भिंतीवर चातुर्वर्ण्याचं कौतुक. एकाच डोंगरावर दोन इतिहास.

पुढे दुसरा इतिहास जिंकला. श्रेणीच्या जागी जात आली. श्रेणीत माणूस काम शिकून शिरत असेल, जातीत मात्र आईच्या पोटातूनच शिरावं लागतं, आणि बाहेर पडायला दार नाही.

गावगाड्यात आपल्या हातांनी काय काय केलं ते बघा. मातंग बांधवांनी दोर वळले. नाडे, कासरे, वेसणी, शिंकी, केरसुण्या. पोळ्याला गावच्या सगळ्या बैलांना नवे कासरे लागत, ते वळणारा मात्र गावाच्या कडेला. चांभाराने मोट शिवली, तिच्यावर मळे पिकले. आणि विदर्भात महारांनी कापड विणलं, हे आपल्या नाशिककडच्या पोरांना ठाऊकच नसतं. नागपूर, भंडारा भागात हजारो महार घरं जाडंभरडं कापड विणून जगत होती. विलायती आणि गिरणीच्या कापडाने ते माग बसले. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि मागावरचे हात हळूहळू मिलच्या गेटवर गेले. कबीर आपल्या घरोघर उगाच नव्हता. बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी. बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक हा विणकर.

इकडे देशावर आपल्या वाट्याला कुठलं कापड आलं? मढ्यावरचं. तो आपला ‘हक्क’ म्हणून वतनात लिहिलेला. नवं विणलेलं पाटलाच्या अंगावर, मेलेल्याच्या अंगावरचं आपल्या अंगावर. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायांना लुगडं कसं नेसायचं ते सांगत होते. पोटऱ्यांवर खोचलेलं लुगडं खाली सोडा, जात ओळखू येईल असं काही अंगावर ठेवू नका, कथलाचे ढीगभर दागिने टाका. काही शहाणे हसले असतील, एवढा विद्वान लुगड्याचं काय बोलतो म्हणून. पण जात कापडावर लिहिलेली होती, आणि ती तिथूनच पुसायची होती. महार वतन कायद्याने मोडायला १९५८ साल उजाडलं. लुगडं दुसऱ्या दिवशी खाली आलं.

आता येवला. आपल्यासाठी येवला म्हणजे १३ ऑक्टोबर १९३५. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसांनी पाच वर्षं लाठ्या, दगड, तुरुंग सोसला. दार उघडलं नाही. मग येवल्यात सुमारे दहा हजार माणसांसमोर बाबासाहेबांनी त्या दाराकडेच पाठ फिरवली.

पण येवला हे आणखी एका बंद दाराचं गाव आहे. पैठणीचं. गाव वसवणाऱ्या रघोजी नाईकाने गुजराती व्यापाऱ्याला मक्ता देऊन रेशीम विणणारे इथं आणले. पेशव्यांनी तो मक्ता पुढे चालवला. बाहेरच्या कुणाला रेशमाच्या धंद्यात शिरायचं तर पैसे भरून परवानगी घ्यावी लागे. इंग्रजी अमलातही हे चाललं. अखेर १८६४ साली मुंबई हायकोर्टाच्या निकालाने मक्ता मोडला. कागदावर! कोर्टाने मक्ता मोडला, जात कुठं मोडली? माग साळी, कोष्टी, खत्री यांच्या घरातच राहिले. पदरावर अजिंठ्याचं कमळ विणलं जात होतं. बुद्धाच्या लेण्यातलं कमळ पदरावर, आणि बुद्धाकडे निघालेली माणसं वेशीबाहेर.

आणि गिरणी? गिरणीत तरी जात धुरासारखी उडून जाईल असं वाटत होतं. नाय गेली. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे विणण्याच्या खात्यात, पगार जास्त. पण धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराने तोंडाला कसा लावायचा? म्हणून साळखातं आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सुनावलं की सगळ्या खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपात येऊ नका म्हणून सांगेन. त्यांनी नाखुशीने मागणी घातली. मालकांनी उलट त्यांनाच टोमणा मारला, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी हे सगळं सांगितलं. मालक लुटतोय आणि शेजारचा कामगार विटाळ पाळतोय, असे दोन साचे एकदम चालत होते. मधे आपण.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण आज आहे.

आज कारागिराला मोठा मान आलाय म्हणतात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१५ पासून ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिवस साजरा होतो. मेळे भरतात, प्रदर्शनं लागतात. आणि २०२० साली त्याच सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ दोन्ही मोडीत काढली. २०२३ च्या १७ सप्टेंबरला विश्वकर्मा योजना आली. १८ धंदे. १५ हजारांची हत्यारं, आधी १ लाख आणि मग २ लाख कर्ज, व्याज ५ टक्के. यादीत चांभार आहे, टोपल्या-चटया-केरसुण्या करणारा आहे, न्हावी आहे, धोबी आहे. पण सारी भाषा घराण्याच्या धंद्याची, गुरु-शिष्य परंपरेची. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये या अटींवर बोट ठेवलं आणि जात न विचारणारी आपली वेगळी योजना काढली. आपल्याकडे? चामड्याचं महामंडळ १९७४ मध्ये, महात्मा फुले महामंडळ १९७८ मध्ये, अण्णाभाऊ साठे महामंडळ १९८५ मध्ये. एकेका फळीला एकेक खिडकी. खिडक्या वाढल्या, रांग तशीच.

एका प्रदर्शनात मी गेलो होतो. आत एसीत पैठणी, बाहेर उन्हात दोर आणि केरसुण्या. दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, बाबा, आत का नाय? तो म्हणाला, “आरं, आत कला हाय. हे आपलं काम.” या एका वाक्यात मनूचा अख्खा ग्रंथ बसतो. आपल्या आया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात ते काम. तीच वाकळ शहरातल्या दुकानात भिंतीवर लटकली की कला.

मग करायचं काय? काही पोरं म्हणतात, सोडा ते दोर, चामडं आणि माग, आपण शिकायचं, साहेब व्हायचं. मला त्यांचं पटतं. सक्तीने जे काम लादलं ते फेकून देण्याचा हक्क पहिला. मेलेली ढोरं ओढणं आपण सोडलं ते बरोबरच सोडलं. पण एक हक्क अजून आहे. जे काम आपल्याला कधी शिवू दिलं नाही ते शिकण्याचा हक्क. मातंगाच्या पोराने पैठणी विणावी, कोष्ट्याच्या पोरीने चप्पल शिवावी. जातीने श्रमाची नाही, श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं. ती वाटणी नुसत्या भाषणाने मोडत नाही. हात बदलले की मोडते.

म्हणून माझ्या तीन सूचना, मंडळाने चर्चेला घ्याव्यात.

पहिली. १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर आपली हजारो माणसं येतात. भाषणं होतात, पुस्तकं आणि मूर्ती विकल्या जातात. तिथंच कारागिरांची रांग लावा. दोर, बांबू, चामडं, वाकळ, हातमाग, सगळं एका रांगेत, एका मांडवाखाली. आत-बाहेर नको. जागेचं भाडं नको. भावावर दलाल नको.

दुसरी. वर्षावास संपला की आपण चीवरदान करतो. चीवर दुकानातून आणतो, तेही कुठल्या तरी यंत्रमागाचं. वर्षाचं हे पक्कं गिऱ्हाईक आपल्याच हातात आहे. तालुक्यातल्या विहारांनी वर्गणी काढून एक ठेव करावी, मुद्दलाला हात लावू नये, व्याजातून हातमागाचं कापड घ्यावं. विणणाऱ्यांची सोसायटी असावी आणि तिच्यात कुठल्याही जातीचा माणूस असावा. हे स्वप्नरंजन वाटत असेल तर त्रिरश्मीवर जा आणि तो हिशेब पुन्हा वाचा. २४० भागिले २०.

तिसरी. योजनेचे फॉर्म भरा. लाजू नका, तो आपलाच पैसा आहे. पण फॉर्ममध्ये जिथं घराण्याचा धंदा विचारतात तिथं मोर्चा न्या. शिकायची तयारी ही एकच अट असली पाहिजे. आणि माग विणणाऱ्याच्या मालकीचा हवा. रेशीम व्यापाऱ्याचं, जर व्यापाऱ्याची, डिझाइन व्यापाऱ्याचं आणि डोळे तेवढे विणकराचे, ही पद्धत चालते तोवर मानांकनाचा कागद शोरूममध्येच लटकणार.

त्रिरश्मीच्या विणकरांनी आपली नावं कोरली नाहीत. दात्याचं नाव राहिलं, राजाचं राहिलं, व्याजाचा दरसुद्धा राहिला. विणणाऱ्यांचं फक्त एक नाव राहिलं, निकाय. संघ. मला वाटतं तेवढं पुरेसं आहे. एकेकट्या धाग्याचं काय होतं ते मी रोज बघतो. तो तुटतो.

जयभीम.