नागझिऱ्याची पाऊलवाट

शहरांतील बाग आणि रानांतील अरण्य यांमध्यें भेद कोणता, असें कोणीं विचारल्यास झाडांची दाटी आणि श्वापदांची भीति हीं दोन उत्तरें बहुधा मिळतात. पण आणखी एक भेद आहे, आणि तो पायांचा आहे. नागपूरची महाराजबाग घ्या. भोसल्यांच्या काळांतील या बागेंत १८९४ सालीं प्राणिसंग्रहालय झालें, आणि पुढें अनेकांनीं आपल्या आयुष्यांतील पहिला वाघ तेथेंच पाहिला. तेथें वाघ गजांआड असतो आणि माणूस मोकळ्या पायांनीं हिंडतो. म्हातारा बांकावर टेकतो, मूल पुढें धांवतें, दुखण्यांतून उठलेला दोन फेऱ्या घालून परततो. नागझिऱ्यांत नेमकें याच्या उलट आहे. तेथें वाघ मोकळा हिंडतो आणि पाहुणा मोटारींत बसून राहतो. ही उलटापालट एका दिवसांत झालेली नाहीं. अरण्यांत कोणीं चालावें आणि कोणीं चालूं नये, या प्रश्नाचें उत्तर नागझिऱ्यानें निरनिराळ्या काळीं निरनिराळें दिलें आहे.

गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा निघाला. तोंपर्यंत नागझिऱ्याचें अरण्य भंडाऱ्याचेंच म्हणून ओळखलें जाई. साकोलीपासून उत्तरेस सुमारें २२ किलोमीटरांवर, टेकड्यांच्या कुशींत हें रान पसरलें आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू यांची येथें दाट वस्ती आहे. उन्हाळ्यांत पानगळीनें उघडें पडणारें आणि पावसाळा लागतांच पुन्हां मिटून जाणारें असें हें अरण्य आहे. त्याच्या नांवाची फोड सोपी आहे. रानाच्या मध्यभागीं नागाचें देऊळ आहे, आणि पोंगेझरा येथें डोंगरांतून बारमाही पाण्याचा झिरा वाहतो. तेथेंच महादेवाचेंही स्थान आहे. नाग आणि झिरा मिळून नागझिरा. म्हणजे देवाला आणि पाण्याला चालत आलेल्या माणसानेंच या अरण्याचें नांव ठेविलें.

गोंड राजांच्या काळीं या मुलखांत रान आणि गांव यांच्यामध्यें कुंपण नव्हतें. मोहाचीं फुलें, मध, लाख, डिंक आणि बांबू यांसाठीं माणसें रानांत जात, आणि ज्या वाटेनें जात तिचीच पुढें पाऊलवाट होई. गोंदिया या नांवाचा संबंधही गोंदाशीं, म्हणजे डिंकाशीं, जोडण्यांत येतो. याच मुलखांत कोहळी समाजानें तलाव बांधण्याची विद्या वाढविली. नागझिऱ्याच्या दक्षिणेस नवेगांवचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं घातला, असें परंपरा सांगते. सुमारें ११ चौरस किलोमीटरांचा तो जलाशय आणि त्याच्या भोंवतालच्या 'सात बहिणी' नांवाच्या टेकड्या आजही तेथें आहेत. भातशेती, तलाव आणि रान हीं तिन्ही येथें एकमेकांच्या आधारानें नांदत होतीं.

१८६१ सालीं इंग्रजांनीं मध्यप्रांत निर्माण केला. पाठोपाठ जंगलखातें आलें, आणि १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलाची व्यवस्था पक्की झाली. रानांत जाणें हा जो रहिवाशाचा सहज व्यवहार होता, तो आतां सवलतीचा विषय झाला. सरपण, चराई, बांबू यांच्या गरजेला 'निस्तार' हें नांव मिळालें आणि तिची मोजदाद सुरू झाली. उलट बंदूकवाल्या पाहुण्याला परवाना मिळे. राखीव जंगलाचे 'ब्लॉक' पाडून ते ठराविक मुदतीसाठीं शिकाऱ्यांना दिले जात. साहेब मचाणावर बसे, आणि खालीं गांवकरी हांका करीत वाघाला त्याच्या बंदुकीसमोर आणीत. पाहुणा बसलेला आणि गांवकरी पायीं, हा देखावा या रानांत मोटारीच्या पुष्कळ आधींचा आहे. चोरखमारा आणि बोदलकसा हे अरण्याच्या कडेचे मोठे सरकारी तलावही त्याच अमदानींतले होत.

स्वातंत्र्यानंतरही शिकारीचे परवाने तत्काळ थांबले नाहींत. १९७० सालीं वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, आणि त्याच वर्षीं सुमारें १५२ चौरस किलोमीटरांचें नागझिरा अभयारण्य घोषित झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला बळ दिलें, आणि १९७५ सालीं नवेगांव हें राष्ट्रीय उद्यान झालें. येथून पुढचीं कांहीं वर्षें पायीं हिंडणाऱ्या रसिकांचीं होतीं. व्यंकटेश माडगूळकर येथें येऊन राहिले, सोबतीला वाटाड्या घेऊन रान पायांखालीं घातलें, आणि 'नागझिरा' हें पुस्तक लिहिलें. नवेगांवच्या जलाशयावर मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून काम करतां करतां पक्ष्यांचा अभ्यास केला. पुढें किरण पुरंदरे यांनीं नागझिऱ्यांत ४०० दिवस काढले आणि 'सखा नागझिरा' लिहिलें. मराठी वाचकाला हें अरण्य ठाऊक झालें तें अशा चालणाऱ्या माणसांमुळें. पायीं जाणारा थांबतो, ऐकतो, मातीवरचा माग वाचतो. मोटारीच्या वेगांत यांतलें फारच थोडें हातीं लागतें.

मग चालणें बंद कां झालें? त्याचीं कारणें क्षुल्लक नव्हतीं. पाहुण्यांची संख्या वाढली. गवा, अस्वल आणि वाघ यांच्या वाटेंत अनोळखी माणूस पायीं येणें दोघांच्याही जिवावर बेतूं शकतें. माणसाच्या वावरानें पाणवठ्यावर यावयास बिचकणारें जनावर उन्हाळ्यांत तहानलेलें राहतें. २०१३ च्या डिसेंबरांत नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान आणि नवेगांव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका हीं अभयारण्यें मिळून नवेगांव–नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारें ६५० चौरस किलोमीटरांचा आहे. आतां पाहुण्यानें ठराविक दारांतून, ठराविक वेळीं, वाटाड्यासह वाहनांतून जावयाचें, आणि पावसाळ्यांत गाभ्यांत शिरावयाचें नाहीं, असा दंडक आहे. २०२३ च्या मे महिन्यांत दोन वाघिणी बाहेरून आणून येथें सोडण्यांत आल्या. ज्या रानांत वाघ पुन्हां वसवावयाचा, तेथें माणसाच्या पावलांना आळा घालणें क्रमप्राप्तच होतें.

परंतु या हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पाहुण्याचा गमावला तो छंद; गांवकऱ्याची गमावली ती वहिवाट. नवेगांवच्या रानांतील कवलेवाडा व कालीमाती यांसारख्या गांवांतील लोक उठून सौंदडजवळ श्रीरामपूर येथें वसले. अरण्याच्या कडेला जे राहिले, त्यांना आजही चैत्रांत पहांटे मोह वेंचावयास आणि वैशाखांत तेंदूचीं पानें तोडावयास पायींच जावें लागतें. वांकून फुलें वेंचणारें माणूस वाघाला माणसासारखें दिसत नाहीं, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. अरण्य राखल्याचें श्रेय सर्वांचें असलें, तरी त्याची जोखीम मुख्यत्वें त्यांच्याच पायांवर पडते.

अशा स्थितींत पायीं हिंडूं इच्छिणाऱ्या पाहुण्यानें जावें कोठें? उत्तर अरण्याच्या बाहेर आहे, आणि तें जुनेंच आहे. ज्यांचे गुडघे थकले आहेत, किंवा ज्यांच्या कडेवर मूल आहे, त्यांना नवेगांवचा बांध आणि तेथील उद्यान पुरेसें आहे. सकाळच्या उन्हांत बांधावर उभें राहिलें तरी थंडींतले पाहुणे पक्षी दिसतात. थोडें अधिक चालूं शकणाऱ्यांनीं चोरखमारा व बोदलकसा या तलावांचे कांठ पाहावे. ज्यांना चढ सोसतो, त्यांच्यासाठीं अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत प्रतापगड आहे. तेथें जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचें स्थान आहे, एक दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीला सर्व वयांचे लोक तो डोंगर चढतात. दमदार पायांसाठीं सालेकसा तालुक्यांतील कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून आलेले गोंड भाविक दरेकसा स्टेशनावर उतरून धनेगांवावरून तेथें पायीं जातात. ज्यांच्या पूर्वजांनीं या रानाच्या वाटा पाडल्या, त्यांच्याच पाठोपाठ चालण्याचा मान पाहुण्याला तेथें मिळतो.

शेवटीं एका वाघाची हकीकत सांगणें अवश्य आहे. 'जय' नांवाचा नागझिऱ्याचा तरणा वाघ २०१३ सालीं हें रान सोडून शेतें, रस्ते आणि गांवें ओलांडीत उमरेड-करांडल्याच्या अभयारण्यांत गेला. २०१६ सालीं तो दिसेनासा झाला, आणि शोधूनही सांपडला नाहीं. नागझिऱ्याचें रान पेंच, कान्हा आणि ताडोबा या अरण्यांशीं जोडणाऱ्या वाटा अशाच आहेत: नकाशावर त्यांना ठळक रेघ नाहीं, आणि नागझिरा व नवेगांव यांच्यामधून तर राष्ट्रीय महामार्गच जातो. वाघ हाही पायींच प्रवास करणारा प्राणी आहे. गाभा माणसानें त्याला मोकळा करून दिला हें योग्यच झालें. पण गाभ्याबाहेरचें रान, तलावांचे कांठ आणि डोंगरांच्या सोंडा शाबूत राहिल्या, तरच वाघाला पुढची वाट राहील, मोह वेंचणाऱ्याला आपली, आणि काठी टेकीत आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यालाही बांधावर चार पावलें टाकण्यापुरती जागा राहील.