‘काही दिसलं नाही’ हाही पुरावाच

11 डिसेंबर 1998. मिशिगन सरोवर शांत होतं. विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टनहून निघालेली ‘लिंडा ई’ ही मासेमारी बोट तिघांसह गायब झाली. मदतीची हाक नाही, साक्षीदार नाही.

तुम्ही कारण काय लिहिलं असतं? वादळ नव्हतं, म्हणून ते बाद. पण एक कारण बाद झालं की दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. तीन घरं दीड वर्ष उत्तराविना राहिली.

जून 2000 मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘डिफेंडर’ या सुरुंगशोधक जहाजाला ती तळाशी सापडली. तपासानंतर तटरक्षक दलाचा निष्कर्ष असा: ‘मिशिगन’ या टगने ढकललेल्या ‘ग्रेट लेक्स’ या तेलवाहू बार्जची तिला धडक बसली. टगवर कुणाला पत्ताच नव्हता!

मग ते खोटं बोलत होते का? तसं म्हणायची घाई नको. शंभर मीटरहून लांब बार्जच्या मागे असलेल्याला पुढची छोटी बोट दिसेलच असं नाही. तेव्हा दप्तरात साक्ष वाचताना आधी विचारा, हा माणूस उभा कुठे होता? तो काय म्हणतो, ते त्यानंतर.