दुःख जुनेच होते, प्रश्न नवा होता

दलित साहित्य वेदनेतून जन्मले, असे एक वाक्य मराठी समीक्षेत वर्षानुवर्षे फिरते आहे. ऐकायला सहानुभूतीचे वाटते, पण त्यात एक गोम आहे. वेदनेतूनच साहित्य जन्मत असते तर आधुनिक दलित साहित्याला एवढा उशीर का झाला? गावकुसाबाहेर वेदनेची टंचाई कधी होती?

यावर कोणी चोखोबांचे नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. चोखोबा आणि सोयराबाई यांनी आपले दुःख अभंगांतून सांगितले. त्यांनी देवालाही सोडले नाही. बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, तो उगाच नाही. पण चोखोबांच्याच नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात महार म्हणून जन्म का मिळाला याचे उत्तर आहे, आणि ते पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेत सापडते. दुःख भोगणाऱ्याचे आणि गुन्हाही भोगणाऱ्याचाच! हा चोखोबांचा दोष नाही. त्यांच्या हाताशी ज्ञान म्हणून जे येऊ दिले गेले होते, त्यात दुसरे उत्तर उपलब्धच नव्हते.

आता 1855 सालात या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मातंग समाजातील मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मुलगी शिकत होती. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत तिचा निबंध दोन भागांत छापून आला. शीर्षक होते ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 ची. म्हणजे आधुनिक मराठी गद्य जेमतेम उभे राहत असताना ही मुलगी लिहीत होती. वाङ्मयेतिहासात मात्र तिला बराच काळ जागा मिळाली नाही. शाळकरी मुलीचा निबंध, त्याला साहित्य कोण म्हणणार!

निबंधात ती करते काय? ती रडत नाही, तुलना करते. ब्राह्मण म्हणतात की वेद आमचेच आहेत. मग वेद आमचे नाहीत हे उघडच झाले. इतर धर्मांच्या लोकांजवळ त्यांचे त्यांचे ग्रंथ आहेत, आमच्याजवळ कोणताच नाही. तर मग आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती थेट देवालाच विचारते आणि धर्मग्रंथाच्या मक्तेदारीचा युक्तिवाद त्याच्याच जोरावर उलटवते. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला द्या, अशी याचना ती करत नाही. ज्या धर्मात एकालाच मान आणि बाकीच्यांना वंचना, तो धर्म पृथ्वीवरून जावो, असे ती चौदाव्या वर्षी म्हणते. येवल्याची घोषणा यानंतर ऐंशी वर्षांनी, 1935 साली झाली.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. निबंधात पेशवाईतल्या अत्याचारांचा पाढा आहे. इमारतींच्या पायात मांगमहारांना पुरणे, तालीमखान्यासमोरून गेल्याबद्दल शिरच्छेद करून त्या शिराचा चेंडूफळीचा खेळ मांडणे. कोणी लिहायला-वाचायला शिकला आणि ते बाजीरावाला कळले तर तो काय म्हणे, तेही ती सांगते: हे वाचू लागले तर ब्राह्मणांनी दप्तराची कामे यांना देऊन हजामतीची धोकटी बगलेत मारून फिरायचे काय? मुक्ता जन्मली तेव्हा पेशवाई बुडून वीसहून अधिक वर्षे झाली होती. यातले काहीच तिने डोळ्यांनी पाहिले नव्हते. ही तिच्या वस्तीची आठवण होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची. शाळेने तिला ही आठवण दिली नाही. आठवणीला आरोपपत्राचे रूप कसे द्यायचे, ते दिले. आरोपी पूर्वजन्मातून उठून राजदरबारात आला, त्याला नाव मिळाले, काळ मिळाला. ज्ञानामुळे ‘स्व’ सापडतो म्हणतात तो असा.

ती इंग्रज सरकारचे गुण गाते, म्हणून काही जण नाक मुरडतात. ज्यांच्या पूर्वजांची डोकी जागेवर होती त्यांना ती चैन परवडते.

म्हणूनच ‘आत्मशोध’ हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा लागतो. अध्यात्मातला आत्मशोध डोळे मिटून, एकट्याने, आत उतरून होतो. आपला आत्मशोध डोळे उघडून झाला आणि तो ‘मी कोण’ असा नव्हताच. तो ‘आम्ही कोण, आणि आम्हाला असे कोणी केले’ असा होता. बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावे पाहा. शूद्र पूर्वी कोण होते, हा 1946 चा प्रश्न. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य कसे बनले, हा 1948 चा. 1950 साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, पुढे ते मिलिंद महाविद्यालय झाले. त्याच शहरातून 1967 पासून गंगाधर पानतावणे यांनी नियतकालिक चालवले, त्याचे नाव ‘अस्मितादर्श’. आधी महाविद्यालय, मग आरसा. हा क्रम लक्षात घ्या.

बेबीताई कांबळे यांनी आत्मकथनाला नाव दिले ‘जिणं आमुचं’. माझं नव्हे, आमुचं. फलटणमध्ये नवरा-बायकोचे छोटे दुकान होते. माल बांधून द्यायला रद्दी यायची, ती त्या वाचत बसत. पुढे वाचनालय गाठले. आणि लिहिले तेही वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून! म्हणजे हाती आलेल्या ज्ञानाने बाहेरची जातच नव्हे, घरातली सत्ताही दिसू लागली होती. 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन बाहेर आले. वेदना तर त्यांच्या आईजवळ आणि आजीजवळही होती. फरक पडला तो त्या रद्दीच्या कागदाने.

पण ज्ञान मिळाले की सगळे मिळाले, असे समजणाऱ्यांनी कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ वाचावे. नागपूरची ही मुलगी संस्कृत शिकली, एम.ए. झाली. ज्या भाषेचा शब्द कानी पडणेही शूद्रातिशूद्रांना निषिद्ध मानले गेले, ती भाषा शिकवण्याची पात्रता तिने मिळवली. नोकरी मात्र तिला सोमकुवर या माहेरच्या आडनावावर मिळाली नाही. आंतरजातीय लग्नानंतर पावडे झाल्यावर मिळाली. त्यांनी हे तिरकस हसत लिहून ठेवले आहे. संस्कृतने त्यांना स्वतःची ओळख दिली, पण समाजाने ओळखले ते नवऱ्याचे आडनाव. ज्ञानाने माणूस स्वतःला सापडतो, व्यवस्थेला तो तेवढ्याने सापडत नाही. हा सल वेदनेच्या खात्यात टाकून समीक्षक मोकळे होतात, तेव्हा त्यांतला युक्तिवादच गायब होतो.

या वादाला आजचे टोक आहे. ‘वेदनेतून साहित्य’ म्हटले की शाळा बिनमहत्त्वाची ठरते. वेदना काय, ती आहेच, लिहितील आपोआप! मग वस्तीतली शाळा कमी पटाची म्हणून दुसरीकडे हलवली काय, शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर आली काय, साहित्य संमेलनाच्या मांडवात त्याची चर्चा कशाला? मुक्ताला मिळाली ती तीनच वर्षे. तिचे दुसरे काहीही लेखन आज आपल्या हाती नाही. त्या निबंधाच्या शेवटी ती आपल्या माणसांना सांगते की तुम्ही दरिद्री आहात, आजारी आहात आणि यावर औषध आहे ते ज्ञानाचे.