रेवस ते रेडी: रस्त्याआधीचा रस्ता

गेले काही वीकेंड ऑफिसातल्या आमच्या चौघांची एकच चर्चा चालू आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी चालवत कोकणात उतरायचं, वाटेत जमतील तेवढे किल्ले पायी चढायचे. कामाच्या सवयीप्रमाणे लगेच एक्सेलशीट उघडली गेली आणि पहिल्याच रांगेत गाडी अडली. नकाशावर समोरासमोर दिसणारी दोन गावं, मध्ये जेमतेम बोटभर निळा पट्टा आणि रस्त्याने अंतर मात्र अर्ध्या दिवसाचं! आमच्यातला एकजण वैतागून म्हणाला, "अरे, एवढा सुंदर किनारा, सरळ एक रस्ता का नाही बांधला कोणी?"

प्रश्न साधाच आहे, पण उत्तर शोधायला बसलो आणि आख्खा शनिवार गेला. :)

तर झालं असं, की कोकणात रस्ते होतेच. फक्त ते उत्तर-दक्षिण नव्हते, पूर्व-पश्चिम होते आणि पाण्यातून जात होते. आज ज्या खाड्या आपल्याला अडथळा वाटतात, त्याच तेव्हाचे हमरस्ते. समुद्रातून आलेला माल भरतीच्या पाण्यावर आत जायचा. भरतीचं पाणी जिथे संपतं तिथे पेठ वसायची. तिथून पुढे बैलांच्या पाठीवरून माल घाट चढून देशावर. सावित्रीच्या खाडीने महाड आणि मग वरंधा घाट. वाशिष्ठीने चिपळूण आणि कुंभार्ली घाट. शास्त्री नदीने संगमेश्वर. अर्जुनेच्या काठी राजापूर आणि वर अणस्कुरा. वाघोटनच्या खाडीने खारेपाटण. राजापूर समुद्रापासून बरंच आत असूनही इंग्रजांनी तिथे वखार घातली होती, जी १६६१ साली शिवाजी महाराजांनी लुटली. आत वखार का, याचं उत्तर हेच. बाजार खाडीच्या टोकाला होता.

आता गंमत बघा. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. ही यादी ओळखीची वाटते ना? मुंबई-गोवा महामार्गावरच्या पाट्या! म्हणजे आपला जुना हायवे नंबर १७ (आताचा ६६) जातो तो बहुतेक याच टोकांना जोडत. नदी जिथे अरुंद होते तिथेच पूल परवडतो, म्हणून रस्ता आत सरकला. समुद्र दिसत नाही अशी हायवेबद्दल आपली तक्रार असते, तिचं मूळ इथे आहे.

मग खाडीच्या दुसऱ्या टोकाला, मुखाशी काय? तिथे किल्ला. आत जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवणारा टोलनाकाच म्हणा. बाणकोट, गोपाळगड, जयगड, विजयदुर्ग ही सगळी ठाणी एकेका खाडीच्या तोंडावर बसलेली आहेत. या नाक्यांची किंमत इंग्रजांना बरोबर कळली होती. १७५५ साली त्यांनी तुळाजी आंग्र्यांकडून बाणकोट घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला. त्यानंतर पेशव्यांशी झालेल्या तहात त्यांनी विजयदुर्ग सोडला, पण बाणकोट स्वतःकडे ठेवला.

ही मुखं एकमेकांना जोडणारी जमिनीवरची वाट कोणाला फारशी लागलीच नाही. त्यासाठी समुद्र होता. आधी गलबतं, मग आगबोटी. पावसाळ्यात तोही बंद, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पुन्हा सुरू. या प्रवासाची किंमतही कोकणाने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

किनाऱ्यालगत रेवस ते रेडी सलग रस्ता, ही कल्पना त्यामानाने अगदी अलीकडची. १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी ती जोडली जाते. ते मूळचे सावित्रीच्या काठावरच्या आंबेतचे, त्यामुळे खाडी म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती! रस्ता तुकड्यातुकड्याने झाला, मोठ्या खाड्या मात्र राहिल्या. तिथे आज गाडी फेरीबोटीत चढते. दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्याला खेड-चिपळूणचा वळसा.

एवढं कळल्यावर आमचा प्लॅन आपोआप बदलला. आता रांगा किलोमीटरच्या नाहीत, खाड्यांच्या आहेत.

पहिला दिवस: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा (ही सोय २०२० पासून), रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर बांधलेला, चढायला मस्त. खालच्या गावात आजही पोर्तुगीज-मराठी मिसळीतून बनलेली बोली बोलतात. मुक्काम मुरूड.

दुसरा: आगरदांडा-दिघी फेरी, हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा (ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारूनच), बागमांडला-वेसवी फेरी, मग बाणकोट. मुक्काम आंजर्ले.

तिसरा: दाभोळहून फेरी, गोपाळगड, गुहागर.

चौथा: तवसाळ-जयगड फेरी, जयगडाच्या तटावरून फेरफटका, रत्नागिरी.

पाऊस संपल्यावर निघायचं, म्हणजे समुद्र शांत आणि गवत हिरवं.

थोडी घाई करायचं कारणही आहे. यातल्या बहुतेक खाड्यांवर मोठे पूल बांधायचं ठरलेलं आहे. ते झाले की फेरीत गाडी चढवून वारा खात उभं राहणं संपेल. मला त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोला. पण रात्री दुखणाईत माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असेल त्याला माझी हौस काय कामाची? त्याला पूलच हवा आणि तो व्हायलाच हवा.

फक्त एक भीती वाटते. पुलावरून खाडी दोन मिनिटांत मागे पडेल. डाव्या हाताला पार आत महाड आहे, उजव्या हाताला बाणकोट आहे आणि या दोघांना बांधणारा रस्ता आपल्या चाकांखालून वाहतो आहे, हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून यंदाच्या सुट्ट्या टाकून ठेवा. पुढे पूल झाला तरी मुखावरच्या किल्ल्याशी गाडी थांबवून वर चढा आणि समुद्राकडे बघून झालं की एकदा वळून खाडीच्या आतल्या बाजूलाही बघा. गलबतं तिकडेच जायची.