बोंडल्याची कुळकथा

बोंडले म्हणजे तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजण्याचे, एका बाजूला चोच असलेले छोटे भांडे. पोट वाटीसारखे, वर झाकण नाही, आणि काठ एका जागी ओढून काढलेली निमुळती पन्हळ. ही पन्हळ बाळाच्या ओठांत मावेल इतकी अरुंद असते आणि वरून उघडी असते. त्यामुळे धुताना भांड्याच्या कानाकोपऱ्यात बोट फिरते. पूर्वी बोंडली पितळेची किंवा चांदीची असत. आता स्टीलची जास्त दिसतात. बारशाला आजोळहून येणाऱ्या चांदीच्या वाटी-चमच्याबरोबर बोंडलेही येते. घराघरांत त्याचा वापर दोन कामांसाठी झाला: वरचे दूध पाजण्यासाठी आणि सहाणेवर उगाळलेली गुटी देण्यासाठी. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ यांचे वेढे मोजून उगाळायचे, ते दुधात कालवायचे आणि बोंडल्याने बाळाच्या तोंडात सोडायचे, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

शब्दाचे नाते ‘बोंड’ या शब्दाशी दिसते. कापसाचे बोंड सर्वांना माहीत आहे. स्तनाग्रालाही बोंडच म्हणतात. बाळाच्या ओठांशी त्या बोंडाच्या जागी जे भांडे येते, ते बोंडले. शेजारच्या भाषांतही या भांड्याला स्वतःची नावे आहेत. कन्नडमध्ये ते ओळले, तेलुगूत उग्गुगिन्ने, तमिळमध्ये पालाडै. यातल्या ‘पाल’चा अर्थ दूध. बंगालमध्ये त्याचे काम करणाऱ्या भांड्याला झिनुक, म्हणजे शिंपला म्हणतात. हे नाव भांड्याचा पूर्वजच सांगते: धातूची चोच घडवण्याआधी शिंपल्याची नैसर्गिक चोच हाताशी होती.

आईला दूध नसेल किंवा आई दगावली असेल, तर बाळाला काय द्यावे हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. आयुर्वेदाने आधी दाई शोधायला सांगितले. आईचे किंवा दाईचे दूध नसेल तर ‘अष्टांगहृदया’त शेळीचे किंवा गाईचे दूध सांगितले आहे. पण ते दूध पोटात कसे पोचवायचे? जगाच्या वेगवेगळ्या भागांत लोकांनी याची जवळजवळ सारखीच उत्तरे काढली. जर्मनीतील बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांतून चोच असलेली मातीची इवलीशी भांडी सापडली आहेत. ती कांस्ययुग-लोहयुगातली, सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. 2019 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ज्युली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भांड्यांच्या मातीत मुरलेल्या चरबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाच्या खुणा मिळाल्या. त्या काळातल्या काही भांड्यांना प्राण्यांचे आकार आहेत. ती घडवणाऱ्याच्या मनात बाळाला दूध पाजण्याबरोबरच त्याला रिझवण्याचाही विचार होता, असे ती पाहताना वाटते.

मध्ययुगीन युरोपात गाईचे शिंग पोखरून त्याच्या टोकाला कातडे बांधत. अठराव्या शतकात होडीच्या आकाराचे उघडे भांडे घरोघर आले. दुधात किंवा पाण्यात कुसकरलेला पाव त्यातून बाळाला भरवत. या भांड्याला युरोपचे बोंडलेच म्हणता येईल. पण तिथल्या कारागिरांची नजर दुसरीकडे होती. बाळाला दूध ओतून पाजण्याऐवजी चोखू द्यावे, हे त्यांना जास्त नैसर्गिक वाटले. 1770 च्या दशकात लंडनचे डॉक्टर ह्यू स्मिथ यांनी कॉफीच्या किटलीसारखे जस्ती रंगाचे, कथिलाच्या मिश्रधातूचे भांडे काढले. त्याच्या नळीच्या टोकाला बारीक भोके होती आणि त्यावर चिंधी बांधायची होती. बाळ चिंधीतून दूध चोखे. ती चिंधी आणि आतली नळी मात्र नीट धुणे शक्यच नव्हते.

पुढच्या शंभर वर्षांत काच आणि रबर आले. 1845 मध्ये अमेरिकेत एलिजा प्रॅट यांनी चोखण्याच्या रबरी बुचाचे पेटंट घेतले. काचेची बाटली, तिच्यातून निघणारी लांब रबरी नळी आणि टोकाला बूच, असा संच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-फ्रान्समध्ये फार लोकप्रिय झाला. बाटली पाळण्यात ठेवली की बाळ आपले आपण पीत राही आणि आईचे हात मोकळे होत. कारखान्यात किंवा परक्या घरी राबणाऱ्या बाईला याचे मोल किती वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे. पण नळीत दूध साचे, नासे, आणि त्यात जंतू वाढत. 1861 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या मिसेस बीटन यांच्या गाजलेल्या गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात तर बाटलीला एकदा बसवलेले बूच बदलायची वेळ येईपर्यंत काढू नये, असा सल्ला होता. आणि ही वेळ पंधरवड्यातून एकदा येई. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा रुजायचे होते, त्यामुळे दोष एकट्या लेखिकेचा नाही. मात्र त्याची किंमत जुलाबाने दगावणाऱ्या अर्भकांनी मोजली. या बाटल्यांना पुढे ‘खुनी बाटल्या’ हे नाव पडले. फ्रान्सने 1910 मध्ये कायदा करून लांब नळीच्या बाटल्यांवर बंदी घातली. तत्पूर्वी 1894 मध्ये लंडनच्या अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीने दोन्ही टोकांना उघडी, होडीच्या आकाराची बाटली बाजारात आणली होती. आरपार पाणी सोडून ती धुता येई. इतक्या वळणांनंतर युरोप पुन्हा उघड्या तोंडाकडे आला.

भारतात बाटली आली ती डब्यातल्या दुधाच्या भुकटीबरोबर, आणि शहरी घरांत तिने बोंडल्याला अडगळीत टाकले. जिथे पाणी उकळायला इंधन पुरत नाही, तिथे बाटलीचा अरुंद गळा आणि बूच यांचा धोका कैक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बालदुधाच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने 1992 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार बालदुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. 2003 च्या दुरुस्तीने हा कायदा आणखी कडक झाला.

या काळात बोंडल्याचे महत्त्व पुन्हा वाढले, आणि हे घडले रुग्णालयांच्या नवजात कक्षांत. कमी दिवसांच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ घालता येत नाही. हा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधीच्या बाळाला छातीशी धरले तरी पुरेसे दूध ओढता येत नाही. अगदी लहान बाळांना नाकातोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने दूध देतात. पॅरिसच्या प्रसूतिगृहात एतिएन तार्निए यांनी 1880 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. नळी आणि आईची छाती यांच्यामधला टप्पा, म्हणजे साधारण 32 ते 34 आठवडे, हा वाटी-चमच्याचा आणि बोंडल्याचा. या वयात बाळ चोखू शकत नसले तरी ओठांशी आलेले थेंब गिळू शकते. डॉक्टर-परिचारिका बोंडल्याला त्याच्या तमिळ नावावरून पलाडाई म्हणतात. आईने काढून ठेवलेला पहिला चीकही त्यातूनच पाजला जातो. चिकाचे दोन-चार मिलिलिटर फार मोलाचे असतात. बाटलीच्या भिंतींना ते चिकटून राहतील. बोंडल्यात मात्र शेवटचा थेंबही चोचीकडे ओघळतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळत नाही, त्यांनाही त्यामुळे दुसऱ्या एखाद्या आईचे दूध मिळू लागले.

बोंडल्यात दोषही आहे. बाटलीतले दूध बाळाच्या चोखण्याने येते, बोंडल्यातले पाजणाऱ्याच्या हाताने. हात घाईचा असेल तर दूध श्वासनलिकेत जाते. बाळाला पायांवर उताणे झोपवून, ते रडत असताना, जीभ दाबून दूध, तेल किंवा तूप ओतण्याची रीत अनेक घरांत होती. तेला-तुपाचे थेंब फुप्फुसात उतरले तर हट्टी न्यूमोनिया होतो. म्हणूनच नवजात कक्षात शिकवली जाणारी पद्धत जुन्या रीतीपेक्षा वेगळी आहे. बाळ जागे हवे, त्याचे डोके उंच हवे. चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याशी टेकवायची, थोडेसे दूध सोडायचे आणि घोट गिळेपर्यंत थांबायचे. मग पुढचा घोट. शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. प्रत्येक वेळी बोंडले साबणाने धुऊन पाण्यात उकळायचे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, या शिफारशीमुळे गुटीचे काम मात्र त्याच्याकडून गेले आहे.

टाळू दुभंगलेल्या बाळांना तोंडात निर्वात पोकळी तयार करून दूध ओढता येत नाही, त्यामुळे त्यांनाही बोंडले उपयोगी पडते. अशी आणि कमी दिवसांची बाळे डोळ्यांसमोर ठेवून अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठ, तिथले बालरुग्णालय आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी मिळून ‘निफ्टी’ नावाचा मऊ सिलिकॉनचा कप तयार केला. त्याची पन्हळ बोंडल्यासारखीच उघडी आहे आणि तोही उकळता येतो. भर पडली आहे ती एका लहानशा खोलगट भागाची: ओठांजवळ तिथे घोटभर दूध थांबते आणि बाळ ते स्वतःच्या वेगाने घेते.