कॉश्चूश्को विमानपथक स्मारक

कॉश्चूश्को विमानपथक स्मारक : पोलंड–सोव्हिएट युद्धाच्या काळात (१९१९–२१) पोलंडच्या सेवेत मृत्यू पावलेल्या अमेरिकन वैमानिकांचे ल्व्हूव्ह (युक्रेनमधील सध्याचे ल्व्हिव्ह) येथील स्मारक. लिचाकीव्ह दफनभूमीला लागून असलेल्या पोलिश सैनिकी दफनभूमीत ते १९२५ मध्ये उभारण्यात आले आणि १९७१ मध्ये सोव्हिएट राजवटीत त्या दफनभूमीबरोबरच उद्ध्वस्त करण्यात आले. शिल्प म्हणून त्याची थोरवी फारशी नव्हती. तथापि ज्या युद्धाची ते साक्ष देत होते, त्या युद्धाचा उल्लेखच पुढील राज्यकर्त्यांना नकोसा झाल्यामुळे त्याच्या नाशाचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले, तेव्हा गॅलिशियाच्या या राजधानीवर पोलिश आणि युक्रेनियन या दोन्ही समाजांनी हक्क सांगितला. १ नोव्हेंबर १९१८ रोजी युक्रेनियनांनी शहराचा ताबा घेतला; तीन आठवड्यांच्या लढाईनंतर २२ नोव्हेंबर रोजी ते पोलिशांच्या हाती गेले. या लढाईत शाळकरी मुले व महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने पडले. पोलिश परंपरेत त्यांना ‘गरुडाची पिले’ म्हणतात आणि दफनभूमीलाही तेच नाव रूढ झाले. तिचा आराखडा रूडॉल्फ इंद्रुख या स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने केला होता. तो स्वतः या लढाईत भाग घेतलेला होता. टेकडीच्या उतारावर वर्तुळाकार प्रार्थनामंदिर, त्याखाली भुयारी दफनगृहे आणि पायथ्याशी स्तंभावलीसह विजयकमान अशी तिची रचना होती. सु. तीन हजार सैनिक तेथे पुरलेले आहेत. वॉर्सा येथील अज्ञात सैनिकाच्या समाधीसाठी १९२५ मध्ये याच भूमीतून अवशेष नेण्यात आले, यावरून पोलिश लोकांच्या मनातील तिचे स्थान लक्षात येते.

अमेरिकन वैमानिकांचा या शहराशी संबंध मेरिअन कूपर (१८९३–१९७३) याच्यामुळे आला. फ्लॉरिडा राज्यात जन्मलेला कूपर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई सेवेत होता. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याचे विमान जर्मनांनी पाडले व तो युद्धकैदी झाला. युद्धानंतर अन्नमदतीच्या कामासाठी तो ल्व्हूव्हला आला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्याचा एक पूर्वज पूलास्की या पोलिश सेनानीच्या हाताखाली लढला होता आणि पूलास्कीला १७७९ मध्ये सव्हॅनाच्या लढाईत मरण आले होते. हे ऋण फेडावयाचे, ही भावना कूपरच्या घराण्यात चालत आलेली होती. राष्ट्रप्रमुख पिलसुडस्की याची संमती मिळवून कूपर व सेड्रिक फाँटलरॉय यांनी पॅरिसमध्ये सेवामुक्त अमेरिकन वैमानिक गोळा केले. १९१९ च्या शरद ऋतूत ही तुकडी ल्व्हूव्ह येथे पोलिश हवाई दलाच्या सातव्या पथकात दाखल झाली आणि वर्षअखेरीस पथकास ताद्येऊष कॉश्चूश्को (१७४६–१८१७) याचे नाव मिळाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात अभियंता म्हणून लढलेला आणि १७९४ मध्ये मायदेशी उठावाचे नेतृत्व केलेला हा वीर दोन्ही राष्ट्रांना सारखाच पूज्य होता. एलिअट चेस या वैमानिकाने आखलेल्या पथकाच्या चिन्हात अमेरिकन ध्वजातील तारे व पट्टे, क्रॅको भागातील शेतकऱ्यांची लाल टोपी आणि दोन विळेवजा कोयते एकत्र आले होते. कॉश्चूश्कोच्या उठावात शेतकऱ्यांनी गवत कापण्याचे हेच कोयते शस्त्र म्हणून हाती घेतले होते.

पथकाकडे प्रारंभी ऑस्ट्रियन बनावटीची ‘अल्बाट्रॉस’ विमाने होती. पुढे इटालियन ‘बालिला’ विमाने मिळाली. शत्रूची विमाने क्वचितच आकाशात दिसत. त्यामुळे १९२० च्या उन्हाळ्यात पथकाचे मुख्य काम बुद्योन्नीच्या पहिल्या घोडदळ सेनेवर खालून उडत मशिनगनचा मारा करण्याचे होते. मोकळ्या माळावर घोडेस्वारांच्या रांगांना आडोसा नसे आणि एकेक वैमानिक दिवसातून अनेक उड्डाणे करी. मूठभर विमानांनी संबंध सेना अडविली, असे जे लिहिले जाते त्यात अतिशयोक्ती आहे. बुद्योन्नीचे सैन्य वॉर्साऐवजी ल्व्हूव्हभोवती गुंतून राहिले, याचे श्रेय सोव्हिएट सेनापतींमधील बेबनावास अधिक द्यावे लागेल. मात्र त्या घोडदळावर या विमानांचा वचक बसला होता, याची साक्ष शत्रुपक्षाकडूनच मिळते. बुद्योन्नीच्या सेनेबरोबर असलेल्या आयझॅक बाबेल या लेखकाच्या घोडदळकथांपैकी एकीत तुकडीचा नायक फाँटलरॉयच्या विमानांशी झुंजत मरतो. जुलै १९२० मध्ये कूपर कैद झाला, तेव्हा त्याने आपले नाव फ्रँक मोशर असे सांगितले. या ‘मोशर’ची भेटही बाबेलच्या दैनंदिनीत नोंदलेली आहे. १९२१ मध्ये कूपर कैदेतून निसटून लॅटव्हियात पोहोचला.

तीन अमेरिकन मात्र परतले नाहीत. त्यांपैकी एडमंड ग्रेव्ह्‌ज हा २२ नोव्हेंबर १९१९ रोजी, शहर पोलिशांच्या हाती आल्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, हवाई प्रात्यक्षिके करताना विमान कोसळून मरण पावला; म्हणजे पहिला बळी युद्धाचा नव्हे, तर उत्सवाचा होता. आर्थर केली जुलै १९२० मध्ये मोहिमेवर असताना आणि मॅक्कॅलम त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मृत्यू पावला. या तिघांच्या कबरींजवळ यूझेफ स्ताझिन्स्की या शिल्पकाराने घडविलेली पंखधारी वैमानिकाची मूर्ती बसविण्यात आली. पोलंडच्या रक्षणार्थ पडलेल्या अमेरिकनांस ती अर्पण असल्याचा लेख तिच्यावर होता. फ्रेंच पायदळ सैनिकांचे स्मारक पुढे १९३८ मध्ये याच दफनभूमीत झाले.

सप्टेंबर १९३९ मध्ये शहर सोव्हिएट सैन्याच्या ताब्यात गेले. १९४१ ते १९४४ या काळात ते जर्मनांकडे होते व त्यानंतर ते सोव्हिएट युक्रेनचा भाग बनले. १९४४–४६ मध्ये बहुतेक पोलिश रहिवाशांना पश्चिमेकडे हलविण्यात आले. त्यापूर्वी, १९४०–४१ मध्ये, पूर्व पोलंडमधून लाखो लोक सोव्हिएट अंतर्भागात हद्दपार झाले होते. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ पासून आश्रयास आलेले सु. पाच हजार पोलिश निर्वासित मुख्यतः याच प्रदेशांतील होते. अशा रीतीने कबरींची निगा राखणारा समाजच शहरात उरला नाही. पडझड, चोरी व कचरा यांनी दफनभूमीची आधीच दुर्दशा झाली होती. ऑगस्ट १९७१ मध्ये रणगाडे व अवजड यंत्रे लावून स्तंभावली पाडण्यात आली, कबरींवरून यंत्रे फिरविण्यात आली आणि अमेरिकन वैमानिकांचे स्मारकही हटविण्यात आले. भुयारी दफनगृहांत दगडकामाची कार्यशाळा थाटण्यात आली.

पोलंडमध्येही या स्मारकाविषयी उघड बोलता येत नव्हते, कारण १९२० चे युद्ध हा साम्यवादी राजवटीत वर्ज्य विषय होता. या पथकावर लेओनार्ड बुचकॉफ्स्की याने १९३० मध्ये काढलेला ग्व्याझ्दिस्ता एस्काद्रा (तारांकित पथक) हा चित्रपटही आज उपलब्ध नाही. पथकाचे चिन्ह तेवढे टिकले, कारण ते विमानांबरोबर देशाबाहेर गेले होते. ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडमध्ये पोलिश वैमानिकांचे ३०३ क्रमांकाचे पथक स्थापन झाले, तेव्हा त्याने कॉश्चूश्कोचे नाव व चेसचे चिन्ह घेतले. ब्रिटनच्या हवाई लढाईत ‘हरिकेन’ विमानांच्या पथकांत सर्वाधिक विजयांची नोंद याच पथकाच्या नावावर झाली. कूपर हॉलिवुडमध्ये चित्रपटनिर्माता झाला. किंगकाँग (१९३३) ही त्याची सर्वांत गाजलेली कृती होय.

१९८९ पासून पोलिश कामगार व स्वयंसेवक यांनी दफनभूमी साफ करण्यास प्रारंभ केला. सोव्हिएट संघराज्याच्या विघटनानंतर मात्र जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. स्वतंत्र युक्रेनच्या दृष्टीने ही १९१८ च्या प्रतिपक्षाची दफनभूमी होती. वास्तविक अमेरिकन वैमानिक युक्रेनियनांविरुद्धच्या त्या लढाईनंतर आले होते आणि १९२० च्या वसंतात युक्रेनियन नेता पेटल्यूरा हा पोलंडचा मित्र असताना त्यांनी कीव्हच्या मोहिमेत भाग घेतला होता. परंतु त्यांच्या कबरी ज्या जागी होत्या, त्या जागेचा वाद त्यांनाही चिकटला. स्मारके पूर्ववत उभारण्यावरून व लेखांच्या शब्दरचनेवरून अनेक वर्षे वाटाघाटी चालल्या. अखेर २४ जून २००५ रोजी पोलंडचे अध्यक्ष क्फाशन्येफ्स्की व युक्रेनचे अध्यक्ष युश्चेन्को यांच्या उपस्थितीत दफनभूमी पुन्हा खुली झाली. शेजारीच युक्रेनियन गॅलिशियन सेनेच्या सैनिकांचे स्मारक आहे. विजयकमानीची स्तंभावली मात्र पुन्हा उभारण्यात आली नाही.